रिकामी पुंगळी

तिकिटांची पट्टी मी काउंटरवरून पुढं सरकवली आणि लायलचा हात तिच्या चार बोटं अलीकडंच मिटला. हवेतच. काही विशेष नाही, एवढंच झालं. एक डोळा गेलेल्या माणसाला अंतर नीट कळत नाही, डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. त्यानं पुन्हा हात घातला, पट्टी सापडली, आणि मागच्या रांगेकडं वळून तो म्हणाला, "सरकारी तिकिटं आहेत बाबा, हाताला लागायच्या आधी विचार करतात." रांग हसली. मीही हसलो. ब्यूट या खाणींच्या गावातल्या पोस्टात मी एकवीस वर्षं लोकांची पार्सलं तोलतोय, केव्हा हसायचं ते मला बरोबर कळतं. मग तिकिटं पाकिटात घालता घालता तो म्हणाला, "एल्डन, रविवारी जेवायला येतोयस ना? मा विचारत होती. आणि हो, सोमवारी बाबांच्या उरलेल्या तिन्ही बंदुका वेल्डरकडं नेतोय. त्याला सांगितलंय, एकेकीचे चार चार तुकडे कर." "का रे?" मी विचारलं. माझा आवाज अगदी साधा निघाला, याचंच मला आश्चर्य वाटलं. "का म्हणजे? यंदा आमची मारिट शिकारीला जायचं म्हणतेय, आजोबांची बंदूक घेऊन. आता पोरीचाही डोळा घालवू होय? त्या म्हाताऱ्यानं तळघरात बसून काय काय करून ठेवलंय, देवाला ठाऊक." आणि गेला. दारातून बाहेर पडताना त्याचा उजवा खांदा चौकटीला लागला. माझ्यापुढं आलेल्या बाईनं पार्सल ठेवलं, मी ते उचललं आणि नुसताच धरून उभा राहिलो. शेवटी ती म्हणाली, "अहो, काटा तिकडं आहे."

त्या म्हाताऱ्यानं. स्वतःच्या बापाला तो आता 'तो म्हातारा' म्हणतो. आणि ते त्याला शिकवलं कुणी? मी. आर्विड टॉलेफसनला सबंध गावात वाकडं बोलायची कुणाची छाती नव्हती. खाणीच्या वर्कशॉपात त्यानं चौतीस वर्षं लेथ चालवली, केसाएवढा फरक त्याच्या बोटाला कळायचा. माझी बायको मला सोडून गेली त्या हिवाळ्यात त्यानं मला तळघरात बोलावून घेतलं. सांत्वन वगैरे काही नाही. म्हणाला, "रिकामा बसून डोकं खाशील स्वतःचं. हे धर." आणि हातात पळी दिली. टायरवाल्यांकडून आणलेली, चाकांना लावायची जुनी शिशाची वजनं भांड्यात वितळत होती. त्यात मेणबत्तीचा तुकडा टाकायचा, धूर होऊ द्यायचा, ढवळायचं, वर आलेली राख काढायची, मग खाली चकचकीत शिसं दिसतं. ते पळीनं साच्यात ओतायचं, क्षणभर थांबायचं, लाकडी दांड्यानं टोला द्यायचा, की ओल्या टॉवेलवर गोळी पडते. सुरुवातीच्या गोळ्या सुरकुतलेल्या पडतात, साचा गार असतो म्हणून. म्हातारा चष्मा कपाळावर चढवून एकेक गोळी उजेडात धरायचा. "सुरकुतली. परत भांड्यात." मी वैतागायचो, "अहो, हरणाला काय कळणार आहे सुरकुती?" "हरणाला नाही कळत. मला कळते," तो म्हणायचा आणि गोळी पुन्हा भांड्यात टाकायचा. त्या हिवाळ्यात मी माणसात आलो ते त्या तळघरात, हे मी आजही कुणापुढंही कबूल करीन. हे कबूल करणं सोपं आहे.

आर्विडचे नियम दोनच होते. पहिला बारुदीचा. शिशाची गोळी मऊ, तिला फार जोरानं हाणून चालत नाही, म्हणून काडतुसाच्या पितळी पुंगळीत बारूद टाकायची ती अगदी थोडी, तळाला जेमतेम दिसेल एवढी. पुंगळी मात्र भलीमोठी. म्हणजे चुकून दोनदा टाकली तरी ती गपचूप मावते, सांडत नाही, वर येत नाही, गोळी बसवली की बाहेरून जन्मात कळणार नाही, आणि दुप्पट बारुदीनं बंदूकच फुटते. म्हणून पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या पन्नास भोकांत उभ्या करायच्या, मापानं बारूद टाकायची, आणि गोळ्या बसवण्याआधी बॅटरी घेऊन एकेकीच्या तोंडात डोकवायचं. पन्नास तोंडं, पन्नास वेळा. "रेडिओ बंद, फोन बंद, तोंड बंद," तो म्हणायचा, आणि तेवढा वेळ खरंच वरून माच्या भांड्यांचा आवाज आला तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. दुसरा नियम सगळ्या गावाचाच आहे. आपलं काडतूस आपल्याच बंदुकीत. आमच्याकडं लोक शेजाऱ्याला ट्रक देतील, कुत्रा देतील, बर्फात अडकलेल्याला घरात आठवडाभर ठेवून घेतील, पण हातानं भरलेलं काडतूस कुणी कुणाला देत नाही आणि कुणी मागतही नाही. त्यात अपमान वाटायचं काही कारण नसतं. मी दोन्ही नियम मोडले, आणि तेही एकाच दुपारी.

गेल्या वर्षीचा सप्टेंबर. आर्विडला जाऊन तीन वर्षं झाली होती. लायलला काडतुसं भरायचा नाद कधीच नव्हता, तो ब्रेडचा मोठा ट्रक चालवायचा, पहाटे उठायचा, दुपारी पेंगायचा. पण बाबांची बंदूक या मोसमाला बाहेर काढू म्हणून त्यानं मला विचारलं, "तूच भरून दे ना. बाबांचा हात आता तुझ्यातच आहे." बस्स. एवढ्यावर मी फुगलो. चौपन्न वर्षांचा घोडा, पण कुणी 'तुझ्या हातात जादू आहे' म्हणालं की शेपटी हलवायला तयार. तो माझ्या तळघरात कॉफी घेऊन बसला आणि बोलत राहिला, मीही बोलत राहिलो, एकीकडं माप चालूच. तोंड बंद कुठलं! मी त्याला सांगत होतो की बाकीच्यांच्या गोळ्या कशा वाकड्या जातात आणि माझ्या का जात नाहीत. मग त्यानं भिंतीवरची बॅटरी बघितली आणि म्हणाला, "बाबा शेवटपर्यंत ती बॅटरी घेऊन डोकवायचे. आठवतं?" आणि मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "बॅटरी नवशिक्यांना लागते." तो कौतुकानं हसला. त्या हसण्यासाठी मी बॅटरी खुंटीवरच ठेवली आणि गोळ्या बसवायला घेतल्या.

नेमबाजी क्लबच्या मैदानावर तो ऑक्टोबरचा शनिवार होता, सकाळचे दहा. मी शेजारच्याच बाकावर होतो. अकरा बार झाले, शिशाच्या गोळीचे असतात तसे मवाळ, आणि समोरच्या कागदावर अकरा भोकं बशीएवढ्या जागेत. लायल खूश. माझ्याकडं बघून त्यानं अंगठा दाखवला. बारावा बार वेगळा झाला. लाकडाचा दस्ता चिरून दोन फळ्या झाल्या होत्या, आणि लायल बाकावर तसाच बसून होता, तळहात डोळ्यावर दाबून, आणि बोटांतून रक्त खाली येत होतं. तो ओरडला नाही. त्यानं पहिलं काय विचारलं सांगू? "माझं काय चुकलं रे? नळीत काही राहिलं होतं का?" त्याला गाडीत घालून नेल्यावर मागं राहिलेल्यांनी बंदूक हातात घेतली. हर्शेल म्हणून क्लबचा सेक्रेटरी, तो नळीच्या बुडाकडं बघत म्हणाला, "जुनी लष्करी बंदूक दिसतेय. नळी नवी आहे. कुणी बसवली?" सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण मलाच माहीत असणार. मी म्हणालो, "आर्विडनं. घरीच, तळघरात. शेवटी शेवटी त्याचे हात जरा..." एवढंच. अर्धंच वाक्य. पुढचं मी बोललोच नाही, बोलायची गरजच पडली नाही. हर्शेलनं मान हलवली, "म्हातारपण," आणि झालं. आर्विडचे हात मरायच्या आदल्या आठवड्यातसुद्धा कापत नव्हते. त्यानं हॉस्पिटलच्या खाटेवर माझ्या घड्याळाचा पट्टा दुरुस्त करून दिला होता.

मला तेव्हा ठाऊक होतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता त्याचं उत्तर मी कसंही देऊ शकतो. नव्हतं, असंही म्हणता येईल. पण मग उरलेल्या काडतुसांचा डबा मी कुणी बघायच्या आत माझ्या कोटाखाली का घेतला? दुसऱ्या दिवशी सकाळी तो उघडला. ठोकळ्यात ज्या क्रमानं होती त्याच क्रमानं मी ती डब्यात लावली होती, आणि लायलनं त्याच क्रमानं वापरली होती. अडतीस उरलेली. गोळी उपटून काढायचा हातोडा असतो, त्यात काडतूस अडकवून दगडावर आपटायचं, दोनतीन टोल्यांत गोळी आणि बारूद हातोड्याच्याच पोकळ पोटात पडते. पहिलंच काडतूस, म्हणजे तेरावं, मी आपटलं. गोळी पडली. बारूद पडली नाही. मी पुंगळी उलटी केली, बोटानं ठोकली, उजेडाकडं धरून आत बघितलं. आत कोरडं ठणठणीत, चकचकीत पितळ. म्हणजे बोलता बोलता माझा हात पुढं सरकलाच नव्हता, तेरावीत म्हणून जी टाकली ती बारावीतच पडली होती, आणि तेरावी तशीच राहिली होती. बॅटरीनं नुसतं डोकावलो असतो तर आंधळ्यालाही दिसलं असतं. उरलेल्या सदतीस बरोब्बर निघाल्या, एकीतही दाण्याचा फरक नाही, आणि माझी लाज कुठवर पोचलीय बघा, त्याही वेळी मला क्षणभर बरं वाटलं की बाकीच्या सदतीस किती सारख्या भरल्यात. निघालेली बारूद मी परसातल्या गुलाबांच्या मुळाशी टाकली. आमच्याकडं सगळेच टाकतात, झाडांना चांगली असते. यंदा गुलाब असे आले की शेजारीण कुंपणापाशी येऊन विचारत होती, खत कुठलं म्हणून.

सांगणार होतो. पहिल्या दिवशी तो ऑपरेशनच्या टेबलावर होता. दुसऱ्या दिवशी मा रडत होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळा गेल्याचं सांगितलं, तेव्हा सांगणं बरं दिसलं नसतं. मग आठवडा झाला, मग महिना, आणि मग इतके दिवस का सांगितलं नाहीस हा प्रश्न मूळ गोष्टीपेक्षा मोठा झाला. लायलचं मोठ्या ट्रकचं लायसन्स गेलं. आता तो त्याच बेकरीच्या गोदामात दुसऱ्यांचे ट्रक भरतो. कुणी विचारलं तर म्हणतो, "बापाची कृपा." दिवाणखान्यातला आर्विडचा फोटो त्यानं काढून ठेवला. मानं तो स्वतःच्या खोलीत नेऊन लावला, त्यावरून दोघांचं भांडण झालं, आणि ते भांडण मिटवायला कोण गेलं? मी. मध्ये बसलो, दोघांची समजूत घातली. "जाऊ दे लायल, म्हातारा माणूस होता, होतं असं," मी म्हणालो. म्हणालो, देवाशप्पथ म्हणालो.

आणि आता चार चार तुकडे. त्या तिन्ही बंदुका मी ओळखतो. एकीचा दस्ता त्यानं अक्रोडाच्या ओंडक्यातून कोरला तेव्हा भुसा मी झाडला होता. डोळा माझ्या हातून परत येणार नाही, पण हे सोमवारी व्हायचं होतं, अजून झालं नव्हतं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी पोस्टात बसून वाक्यं जुळवत होतो. गंमत म्हणजे मला पळवाटाच चांगल्या सुचत होत्या. बंदुका मी विकत घ्याव्यात. बोझमन शहरातल्या एखाद्या बंदुकीच्या कारागिराकडून दाखला आणावा की यांत काही दोष नाही. निनावी पत्र टाकावं, पोस्टातल्या माणसाला ते काय अवघड! पत्र लिहिलंसुद्धा, डाव्या हातानं. शनिवारी दुपारी ते फाडलं, तुकडे कोटाच्या खिशात टाकले. कचऱ्यात टाकायचीही भीती वाटली.

रविवारी चर्च सुटल्यावर मी गेलो. मा दारातच म्हणाली, "आलास? वाळलायस. बस." आमच्या गल्लीतली सगळी तिला माच म्हणतात, ती आता ऐंशीची आहे. टेबलावर भाजलेलं मांस, बटाटे, आणि मला आवडते म्हणून तिनं बटाट्याची पातळ पोळीही केली होती, लोणी आणि साखर लावून गुंडाळलेली. दाराशी घोंगडीत गुंडाळून दोरीनं बांधलेल्या तिन्ही बंदुका. मा त्यांच्याकडं पाठ करून बसली. मग ती ताटाकडं बघतच म्हणाली, "लायल, निदान ती अक्रोडाची राहू दे रे. ह्यांचा हात आहे त्यावर."

"त्याच हातानं माझा डोळा नेला, मा."

"ह्यांनी असलं काम कधी केलं नाही."

"झालं तुझं सुरू! अगं, सगळा क्लब सांगतोय. एल्डन सांगतोय. एल्डन, सांग तिला एकदाचं."

पोळीचा घास माझ्या तोंडात होता. मी तो गिळला आणि म्हणालो, "बंदुका कापू नकोस, लायल. चांगल्या आहेत त्या."

"तुला कसं ठाऊक?"

"ती फुटलेलीसुद्धा चांगली होती."

तो हसला. "काय राव! चांगली होती म्हणून फुटली?"

"काडतूस माझं होतं," मी म्हणालो. "बाराव्यात बारूद दोनदा पडली. तेरावं रिकामं निघालं, मी दुसऱ्या दिवशी उघडून बघितलं. आर्विडनं नळी बरोबर बसवली होती. त्याचे हात कधी कापत नव्हते. ते मी बनवून सांगितलं." तीन दिवस जुळवलेली वाक्यं राहिलीच कुठं, हे असंच उघडंवाघडं बाहेर पडलं, आणि मी वर बघितलं नाही. लोण्याचा डाग पडला होता टेबलक्लॉथवर, तो बघत बसलो.

लायल उठेल, टेबल उलथेल, मला मारेल असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होतो. तो उठला नाही. त्याचा चांगला डोळा माझ्यावरून सरकून भिंतीकडं गेला, आणि तो अगदी हळू म्हणाला, "बॅटरी. तू बॅटरी घेतलीच नाहीस." मग कपाळ चोळत म्हणाला, "मीच बडबडत होतो ना तिथं बसून? मी बोलायला नको होतं. बाबा सांगायचे, तोंड बंद. मी उगाच..." तो पुन्हा स्वतःची चूक शोधायला लागला होता, मैदानावर शोधत होता तशीच, आणि मला वाटलं, मार बाबा, मार एकदाचा, पण हे नको.

"गप रे तू," मा त्याला म्हणाली. तिनं काटा खाली ठेवला, हात पुसले, आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. रागानं नाही. खरोखर समजून घ्यायचंय असं. "अकरा महिने," ती म्हणाली. "दर रविवारी इथं, माझ्यासमोर. मी माझ्या माणसाला नावं ठेवलेली ऐकत होते, आणि तू वाढून घेत होतास. मला एवढंच सांग एल्डन, घास उतरत होता तुझ्या घशाखाली?"

मला नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर कदाचित तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला असता, ती तशी आहे.

"उतरत होता, मा," मी म्हणालो. "छान उतरत होता."